सव्वाशे रुपयांचं पान

बॅरिस्टर कसा होतो, ते मला ठाऊक आहे. जेवून होतो. हसू नका, खरंच सांगते. विलायतेला कायद्याच्या शाळेत नाव घातलं की तिथल्या मोठ्या दालनात बसून ठरलेली जेवणं जेवावी लागतात. दर सत्राला सहा, अशी बारा सत्रं. परीक्षा असते ती वेगळी, पण परीक्षेत पहिला आला आणि जेवणं कमी पडली, तर सनद नाही. हे मी एका बी.ए. झालेल्या मुलाच्या तोंडून दाराआड बसून ऐकलं, तेव्हा पुरणाचा गोळा माझ्या हातात तसाच राहिला. मनात म्हटलं, अगं बाई, मी आजवर जेवढ्यांना जेवू घातलं, त्या सगळ्यांना हा नियम लावला तर निम्मा खानदेश बॅरिस्टर निघेल.

मी मांडे करणारी. आमच्या मुलखाबाहेरच्या वाचकांनी मांडा म्हणजे मोठी पुरणपोळी समजावी, पण आमच्यासमोर तसं म्हणू नये. पोळी पोळपाटावर लाटतात, मांडा हातांवर होतो. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत, कोपरापर्यंत पसरत न्यायचा, सुपाएवढा झाला की पेटत्या चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. त्या मडक्याला आम्ही खापर म्हणतो. सोडताना घाबरलात तर मांडा फाटतो, रेंगाळलात तर हात भाजतो. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस नाही. चाळीस वर्षांची नोकरी म्हणा हवं तर, पेन्शन तेवढी नाही.

आमच्या घरी हा धंदा सासूबाईंपासूनचा. जळगावात राहायचं आणि लग्न, आखाजी, बारसं, जिकडून बोलावणं येईल तिकडे खापर घेऊन जायचं. भडगाव, अमळनेर, धुळं, सगळ्या गावांच्या चुली मला तोंडपाठ. लिहायला-वाचायला कुणी शिकवलं नाही. सामानाच्या याद्या वाचता येईनात म्हणून वाणी फसवायचा, त्या रागानं अक्षरं ओळखायला लागले. आता दिवाळी अंकात लिहिते आहे, तेव्हा रागाचाही उपयोग होतो म्हणायचा.

तर विलायतेचा आणि माझा संबंध असा, की मुलगा निघाला की मांडे आणि परत आला की मांडे. निघताना आईला भरून यायचं म्हणून, आणि परत आल्यावर जातीला जेवण घालायचं म्हणून. समुद्र ओलांडून आलेल्याला आधी पंचगव्य पाजत, मग पंगत. भडगावचा एक मुलगा शेतीचं शास्त्र शिकून आला होता. पंचगव्याची वाटी नाकापाशी नेऊन त्यानं भटजींना अगदी नम्रपणे विचारलं, यात थोडं लिंबू पिळलं तर चालेल का. भटजी पोथी उलगडून बसले. पोथीत लिंबाचा उल्लेख सापडेना, नाही म्हटलेलंही सापडेना. तिकडे माझं खापर तापून लाल, आणि दीडशे माणूस पाटावर. शेवटी लिंबू पिळलं.

त्या मुलानं गिरणेकाठच्या आपल्या जमिनीत उभं राहून बापाला नांगर किती खोल घालावा ते सांगितलं. बापानं वर्षभर आदरानं ऐकलं आणि नांगर होता तेवढाच घातला. पुढे मुलाला सरकारी नोकरी लागली, ती सिंधमध्ये. बाप सांगायचा, "शिकला पोरगा खरा, पण जमीन इथे अन् तो तिथे. आता दोघांपैकी कुणाला हलवू?"

असं सगळं चुलीपाशी बसून पाहिल्यावर बायका मला विचारायला लागल्या, अक्का, विलायतेचे पैसे फिटतात का? पुरुष बायकांकरवी विचारायचे. मी काही मोठी शहाणी नव्हे. पण घरात पैसा येतो की नाही, हे दिवाणखान्यात बसून कळत नाही, स्वयंपाकघरात कळतं. गादी उसनी आणता येते, तुपाचं भांडं उसनं आणता येत नाही. तुपाच्या भांड्यात पळी बुडते की बोटानं निपटावं लागतं, मोलकरणीचा पगार कधी होतो, पाहुणा आला की घरातल्या बाईचा चेहरा कसा होतो, एवढं पाहिलं की पुरे. या परीक्षेचा मला भारी अभिमान होता. कशी फसले, तेच सांगायला बसले आहे.

पहिली लढाई नुकती संपली होती आणि कापसाला असा भाव आला होता की बोदवडला माणसं सोन्याच्या गुंड्या लावून बैल धुवायला जात. तिथले आत्माराम आबा कापसाचे व्यापारी. मुलगी एकच, द्वारका. सोळावं लागलेलं, मराठी सहा इयत्ता झालेल्या, आणि हिशेबात अशी तरबेज की आबांचा दिवाणजी बेरीज करून तिच्याकडे चोरून तपासायला पाठवायचा. तिला अमळनेरचं स्थळ आलं. मुलगा वामन, बी.ए. झालेला, दिसायला नीटस. त्याचे वडील शंकरभाऊ कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांची अट एवढीच की लग्न लावून मुलाला सासऱ्यानं विलायतेला बॅरिस्टर व्हायला पाठवायचं. तेव्हा ही चाल पडत चालली होती. मुलगी आणि बोटीचं तिकीट एकाच मांडवात द्यायचं.

बैठकीच्या दिवशी मी मागच्या पडवीत मांडे करत होते. बैठक पुढच्या खोलीत, मध्ये दार अर्धं लावलेलं, दाराआड द्वारका. शंकरभाऊंनी खर्चाची यादी वाचली. बोट, फी, राहणं, गरम कपडे, जेवणाच्या वेळी घालायचा काळा झगा. एकूण नऊ हजार. त्यावर आबांनी विचारलं की तीन वर्षं तिथे करायचं काय, आणि वामननं ती जेवणांची गोष्ट सांगितली.

आबा बोटांवर सत्रं मोजायला लागले. मग म्हणाले, "एकूण पानं किती?"

"बहात्तर."

"अन् न जेवता?"

"न जेवता सनद मिळत नाही, आबा. तो नियम आहे."

इकडे दाराआड द्वारका पुटपुटली, "बहात्तर सवा नव्वद." आमच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, सवायकी पाठ करून घेत, त्यातली ही सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, एक पान सव्वाशे रुपयांना पडलं गं."

मला खापराची धग एकदम कमी वाटायला लागली. सव्वाशे रुपयांत मी चारशे माणसांची पंगत उठवलेली, तुपासकट. त्या विलायतेच्या आचाऱ्याला एकदा पाहावं, असं मनापासून वाटलं.

आबांना स्थळ आवडलं होतं. मुलगा खोटं बोलत नव्हता, हेही त्यांना आवडलं होतं. पण आबा व्यापारी. कापसाची गाडी दारात आली की आधी मूठभर कापूस ओढून, दोन अंगठ्यांत धागा ताणून पाहणार, मग भाव बोलणार. त्यांनी शंकरभाऊंकडून महिनाभराची मुदत घेतली. मंडळी गेल्यावर पडवीत येऊन मला म्हणाले, "अक्का, गाडीभर कापूस मी नमुना पाहिल्याबिगर घेत नाही. नऊ हजाराचा बॅरिस्टर काहून घेऊ? धुळ्याला एक तयार झालेला आहे म्हणे. तो पाहून येऊ. मी पुढून पाहतो, तू मागून पाहा."

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी द्वारका माझ्यापाशी येऊन बसली. वाती वळत होते मी. बराच वेळ कापूस पिंजत राहिली आणि खाली मान घालूनच म्हणाली, "अक्का, आबा पैसे पाहतील. तू माझ्यासाठी पाहा."

मी म्हटलं, पाहते. अगदी सहज म्हटलं.

आबा, त्यांच्या पत्नी भागाबाई आणि मी, असे तिघं निघालो. चाळीसगावला गाडी बदलून धुळं. भागाबाई गाडीतून उतरल्या त्या थेट मावशीकडे जाऊन झोपल्या, त्यामुळे या कथेत त्यांचं काम एवढंच. आबांनी ठरवलं होतं की नमुना एकटा पाहून कळत नाही, शेजारी दुसरा ठेवावा लागतो. म्हणून एक विलायतेचा बॅरिस्टर आणि एक देशी वकील, दोघांना एकाच दिवशी पाहायचं. देशी वकील म्हणजे गोविंदराव. कायद्याची परीक्षा मुंबईला दिलेली, त्यापलीकडे समुद्र पाहिला असेल तो चौपाटीवरून. दोन्ही घरं कोर्टाच्या मागच्या आळीत, मध्ये चार घरांचं अंतर.

पुढून शिरायचं तर काहीतरी खटला हवा. आबांनी वाटेत एक म्हैस रचली. त्यांची म्हैस शेजाऱ्याच्या, रामा पाटलाच्या, गोठ्यात शिरली आणि त्यानं ती बांधून घेतली, अशी. आबांकडे म्हैस नव्हती. रामा पाटील मात्र खरा होता, कारण घाईत दुसरं नाव सुचेना.

मला शिरायला काही रचावं लागत नव्हतं. आखाजी पंधरा दिवसांवर आली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात आणि मांड्यांशिवाय सण उठत नाही. मांडेवाली मागच्या दारी येऊन "यंदा किती करायचे" म्हणून विचारते, त्यात कुणालाच नवल नाही.

आधी गोविंदरावांचं घर. काय ते स्वयंपाकघर, काय सांगू. दोन चुली सकाळपासून पेटलेल्या. खेड्यापाड्यांतून अशील येत, म्हणजे ज्यांचे खटले चालत ती माणसं, आणि खटला म्हणजे एका दिवसाचं काम नाही, तेव्हा सगळे जेवायला वकिलाकडेच. रोज तीस पान. येताना कुणी ज्वारीचं पोतं आणी, कुणी केळीचा घड, कुणी मिरच्या. तुपाचे डबे ओळीनं लावलेले, सगळ्यात पळी बुडत होती. वकीलसाहेबांची बायको, विधवा बहीण आणि थोरली सून, अशा तिघी घामानं न्हालेल्या, पण हात कुठे थांबत नव्हते. मला चाळीस मांड्यांची मागणी तिथल्या तिथे मिळाली. मी विचारलं, बाई तुम्ही जेवता कधी? सून म्हणाली, तीन वाजतात. मला त्यात काही वाटलं नाही. मीही जन्मभर तीनलाच जेवले.

मग बॅरिस्टरांकडे. घर मोठं, ओटा झाडलेला, आत शिरले तर भांडी लखलखीत आणि बरीचशी रिकामी. चूल एकच. सखू म्हणून मोलकरीण होती, साक्री तालुक्यातली. मी नजरेनंच तुपाचं भांडं विचारलं, तिनं झाकण काढून दाखवलं. "बठ्ठा खाली शे, माय," म्हणाली, म्हणजे सगळं रिकामं. धान्याच्या पोत्यांवर बाईंच्या माहेरच्या दुकानाचं नाव. पगार दोन महिने झाला नव्हता. मी म्हटलं, मग राहतेस कशाला? ती म्हणाली, "बाई गोड शे." यापेक्षा जास्त काही सांगेना.

मांडे करायचे का म्हणून विचारायला मी बाईंची वाट पाहत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. बारा वाजले. शेजारच्या खोलीत मेज होतं, त्यावर सखूनं दोन ताटं मांडली. मला वाटलं कुणी पाहुणा आहे. तर बॅरिस्टरसाहेब आले, हात धुऊन बसले, आणि समोरच्या खुर्चीवर बाई येऊन बसल्या. वरण-भात, वांग्याचं भरीत, लिंबाची फोड. बाईंच्या ताटातला भात संपला तसे साहेब उठले, पातेलं उचललं आणि त्यांना वाढलं. सहज. पंख्यानं वारा घ्यावा तसं. वाढता वाढता कोर्टातली काही गंमत सांगत होते, आणि बाई तोंडात घास असताना हसल्या. मग साहेबांनी सखूला हाक मारून विचारलं, तुझं झालं का गं?

मी मान वळवली. मला वाईट वाटलं म्हणावं तर तसं नाही. लाज वाटली, की आपण पाहू नये ते पाहिलं. पुढे चार मांड्यांची मागणी मिळाली. चारच. बाई म्हणाल्या, आम्ही दोघं आणि सखू, आणि एक उरला तर सकाळी खाऊ.

दुपारी कोर्टापुढच्या कडुलिंबाखाली आबा भेटले. हातात कागद होता आणि चेहरा पोळ्याच्या बैलासारखा फुललेला.

आधी त्यांनी त्यांची हकीकत सांगितली. बॅरिस्टरांनी खुर्ची दिली, ती इतकी गुळगुळीत की आबा सारखे पुढे घसरत होते. म्हशीची गोष्ट नीट ऐकून घेतली, चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, तुमच्या खटल्यात दम नाही, घरी जा, शेजाऱ्याशी बोला. फीदेखील घेतली नाही. आबांना ते मुळीच पटलं नव्हतं. "अक्का, दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला जो 'माल घेऊ नका' म्हणतो, त्याचं दुकान चालेल का?" उलट गोविंदराव. सतरंजी, तक्क्या, पानाचा डबा. म्हशीचं नाव काढताच म्हणाले, सोन्यासारखा खटला आहे. म्हशीचा रंग विचारला, शिंगं विचारली, दूध किती देते ते विचारलं. आबा म्हणाले, "मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. शेवटी शेवटी मलाच ती म्हैस दिसायला लागली. पाच रुपये आगाऊ देऊन आलो, ही त्याची पावती. जो माणूस नसलेल्या म्हशीवर पाच रुपये काढतो, तो असलेल्या म्हशीवर किती काढील?"

मग म्हणाले, "तुझं सांग. घर चालतं का?"

मी सांगितलं. तुपाचे डबे सांगितले, तीस पानं सांगितली, चाळीस मांडे आणि चार मांडे सांगितले, सखूचा थकलेला पगार सांगितला, माहेरची पोती सांगितली. सगळं खरं. एक गोष्ट सोडली. ती कशी सांगायची तेच कळेना. बॅरिस्टर बायकोला भात वाढतो, हे आबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग आचारी ठेवायला पैसे नाहीत म्हण की. आणि खरं सांगू, मलाही ती जमेची बाजू आहे असं सुचलं नाही. घराच्या कमाईत ते कुठे मोडतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

आबांनी मान हलवली. नमुना पाहून झाला होता.

बोदवडला परतलो तेव्हा द्वारका ओट्यावर उभी होती. आबा आत गेले तसं तिनं विचारलं, "अक्का, काय पाहिलंस?" मी तुपाचं भांडं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणखी काही येईल म्हणून क्षणभर थांबली, आणि मग माझ्या हातातलं गाठोडं घेऊन आत गेली.

अमळनेरला नकार गेला. वामनला महिन्याच्या आत दुसरा सासरा मिळाला, त्या वर्षी सासऱ्यांना तोटा नव्हता. तो गेला, बहात्तर पानं जेवला, परत आला. त्याच्या प्रायश्चित्ताच्या जेवणाला मीच मांडे केले. पहिली सात-आठ वर्षं सासऱ्याच्याच ज्वारीवर काढली, मग कुठल्याशा संस्थानात न्यायाधीश झाला, आता पेन्शन खातो. पैसे फिटले का म्हणून त्याच्या सासऱ्याला एकदा एका लग्नात विचारलं, तर तो म्हणाला, मुद्दल निघालं, व्याज जावयाच्या कोटावर दिसतं. वामन बायकोबरोबर जेवतो की नाही, ते मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

इकडे त्या म्हशीनं वेगळाच रंग दाखवला. गोविंदरावांनी इमानेइतबारे रामा पाटलाला नोटीस पाठवली, तांबूस रंग, डावं शिंग वाकडं, असल्या वर्णनासकट. रामा पाटील बिचारा हात जोडून आबांच्या दारात. म्हणाला, आबा, मी गोठा तीनदा पाहिला, तुमची म्हैस सापडत नाही, हवी तर माझी घ्या. आबांना लाजून खटला काढून घ्यायला धुळ्याला जावं लागलं. गोविंदराव खटला सोडायला तयार होईनात. या वादावादीत आबा दोन दिवस त्यांच्याकडे राहिले, त्या तीस पानांत एकतिसावे जेवले, आणि गोविंदरावांचा धाकटा मुलगा यशवंत त्यांच्या डोळ्यांत भरला. तोही वकिलीला बसणार होता. मुंबईची परीक्षा, खर्च हजाराच्या आत, आणि चालतं दुकान वारशात. वैशाखात द्वारकाचं लग्न झालं. मांडे मी केले, आणि आबांनी मला दोन लुगडी दिली, एक मांड्यांचं आणि एक हिशेबाचं.

म्हणजे त्या स्वयंपाकघरात तीन बाया होत्या त्या चार झाल्या. मी ज्या चुलीची इतकी वाखाणणी केली, तिच्यापुढे मीच द्वारकाला नेऊन बसवलं.

तसं तिचं वाईट झालं नाही. यशवंतराव सरळ माणूस, हात उगारला नाही, तोंड सोडलं नाही. घरात लक्ष्मी आली, गाई आल्या, पुढे मोटार आली. दर आखाजीला मी जायची, दर वर्षी तुपाचे डबे वाढलेले. सासू गेली, आत्या गेल्या, थोरली जाऊ पुण्याला मुलाकडे गेली, चुलीची मुखत्यारी द्वारकाकडे आली. सवायकी येणाऱ्या पोरीनं सत्तावीस वर्षं रोज तीस पानांचा अंदाज चुकू दिला नाही. जेवायची मात्र तीनलाच. मी एकदा म्हटलं, किती वाळलीस गं. तर हसून म्हणाली, सगळ्यांना वाढता वाढता भूक हात धुऊन निघून जाते.

यंदा आखाजीला गेले तर यशवंतरावांनी मला मुद्दाम बाहेर बोलावून खुर्ची दिली. मुलगा प्रभाकर विलायतेला जायचं म्हणतो, पूल बांधायचं शास्त्र शिकायला. खर्च तेव्हापेक्षा कितीतरी पट. म्हणाले, "अक्का, इंग्रज निघालाय आणि हा त्याच्या मागे चाललाय. तुम्ही तेव्हा आबांना चोख हिशेब सांगितलात म्हणून या घराला सोन्यासारखी बाई मिळाली. आता आम्हालाही सांगा. पटतो का हा सौदा?"

मी म्हटलं, आत जाऊन विचार करते.

आत द्वारका वाढपाची तयारी करत होती. पुढच्या ओसरीत पाटांच्या ओळी लागलेल्या, अशील हात धुऊन येत होते. मी खापरावर एक मांडा केला, तो उतरवून दुसरा न घेता तिच्यापाशी गेले आणि सगळं सांगून टाकलं. बॅरिस्टरांचं मेज, दोन ताटं, लिंबाची फोड. म्हटलं, तू म्हणाली होतीस माझ्यासाठी पाहा. मी पाहिलं होतं गं, पण सांगितलं नाही.

ती भात मोकळा करत होती. हात थांबला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "दोघं एकदमच बसले, तर वाढलं कोणी?"

"साहेबांनी. उठून."

"उठून?"

"अन् सखूलाही विचारलं, तुझं झालं का म्हणून."

आता ती रडेल, नाहीतर मला बोलेल, असं वाटून मी पदर सावरून तयार राहिले. द्वारकानं भाताचं पातेलं खाली ठेवलं. ओसरीकडचं दार ओढून घेतलं. मग दोन पाट मांडले, समोरासमोर, दोन पानं घेतली, आणि त्या तीस माणसांसाठी केलेल्या गरम भातातला पहिला भात माझ्या पानात वाढला, दुसरा स्वतःच्या. वर तूप. माझा नुकताच उतरलेला मांडा मोडून निम्मा निम्मा केला. म्हणाली, "बस, अक्का. निवेल."

मी चाळीस वर्षं लोकांच्या चुलींवर राबले, पण गरम मांडा कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं. चांगला लागतो. लोक उगाच नावाजत नव्हते.

बाहेर पाट सरकल्याचे आवाज, कुणाचं तरी खाकरणं. मग दाराबाहेरून यशवंतरावांची हाक आली. मंडळी बसली आहेत, पानं कधी येणार? थोडं थांबून पुन्हा, "अन् अक्का काय म्हणताहेत? पैसे फिटतील का?"

द्वारकानं घास नीट चावून गिळला.

"आम्ही दोघी जेवतोय," ती आतूनच म्हणाली. "झालं की सांगू."